चार मिनिटं मागे

३ मार्च, मंगळवार

आज दादाचं घड्याळ गेलं. हरवलं नाही, चोरीला गेलं नाही. मी मारलं.

एमआरआयच्या खोलीत कोणी लोखंडाचं काही घेऊन जाऊ नये म्हणून गेली सव्वीस वर्षं मी दारात उभी राहून लोकांवर खेकसते. किल्ल्या काढा, पट्टा काढा, केसातल्या पिना काढा, खिशात काही नाही ना, पुन्हा एकदा बघा. मोठमोठ्या डॉक्टरांना मी खिसे उलटे करायला लावलेत. माझ्या पाठीमागे सगळे मला ‘फाटक’ म्हणतात हे मला माहीत आहे, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं. आज सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी फाटक स्वतःच कोटाच्या खिशात घड्याळ घेऊन आत गेलं.

पहिला पेशंट यायचा होता. पलंगावर धुतलेली चादर घालायला मी वाकले आणि खिशातून काहीतरी उडालं. टण्ण आवाज झाला. बघते तर घड्याळ यंत्राच्या तोंडाशी आतल्या बाजूला चिकटलेलं, काच फुटलेली, मिनिटकाटा कुठे गेला पत्ता नाही. पलंगावर माणूस असता तर काय झालं असतं याचा विचार करायचा नाही असं ठरवलंय आणि दिवसभर तेवढाच विचार केलाय.

अपघाताचा रिपोर्ट मीच लिहिला. अर्धा दिवस यंत्र बंद ठेवून तपासणी झाली. कोणी मला एका शब्दाने बोललं नाही, त्याचाच जास्त त्रास झाला.

घड्याळ माझ्याकडे आलं कसं तेही लिहून ठेवते. नऊ दिवसांपूर्वी दादा जिन्यावरून पडला, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. आता पाच आठवडे तो व्यायामाच्या केंद्रात आहे. दवाखान्यात भरती होताना त्याने मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या तळहातावर ठेवलं. "रोज सकाळी सातला चावी द्यायची. बारा फेरे. तेरावा नको." माझी ड्यूटी साडेसहाला सुरू होते, म्हणून घड्याळ बरोबर घेऊन जायचं, सातला चावी द्यायची आणि लॉकरमध्ये टाकायचं असा नेम ठेवला होता. आज चावी देता देताच फोन वाजला. बोलून झाल्यावर फोन लॉकरमध्ये ठेवला आणि घड्याळ खिशात.

फोन दादाचाच होता.

४ मार्च, बुधवार

सात वाजता फोन.

"किती वाजले गं बारके?"

"सात वाजून एक."

"घड्याळाला चावी दिलीस?"

"दिली."

"किती मागे पडलं?"

"चार मिनिटं."

"हां," म्हणाला. एकदम समाधानाने.

मी सत्तावन्न वर्षांची आहे आणि तो मला अजून बारके म्हणतो. त्याच्याशी याआधी खोटं बोलले ती दहा वर्षांची असताना, त्याच्या सायकलचा दिवा फोडला तेव्हा. त्याला तेव्हाही आधीच कळलं होतं.

६ मार्च, शुक्रवार

रोजच्या फोनबद्दल. नऊ वर्षं झाली, सकाळी सातच्या सुमाराला हा फोन येतो. "किती वाजले?" मी वेळ सांगते, तो घड्याळ लावतो, बारा फेरे देतो, संपलं. हॉस्पिटलची घड्याळं सेकंदाला बरोबर असतात असं त्याचं म्हणणं. मी एकदा वैतागून म्हटलं होतं, "दादा, ज्या फोनवर तू मला विचारतोस त्याच फोनवर वेळ दिसते." तर म्हणतो, "आकडे बारीक आहेत." माझा नंबर बरोबर दिसतो!

घड्याळ वहिनीने दिलेलं. दोघांच्या लग्नाला दहा वर्षं झाली तेव्हा. मागच्या झाकणावर ती तारीख कोरलेली आहे. तीसेक वर्षं ते इतकं बिनचूक चाललं की शेजारी त्यावर आपली घड्याळं लावायचे. वहिनी गेली आणि दोनच महिन्यांनी ते मागे पडायला लागलं, रोज चार मिनिटं. वस्तूंनाही माणसाचा लळा लागतो की काय, असं मला वाटायचं. शंभरदा म्हटलं, दुरुस्त करून घे. "जुनं झालंय. एवढं चालायचंच," म्हणून विषय संपवायचा.

आणि आज तो विचारतो, "आज किती मागे?" मी एकसारखं चार सांगून कंटाळले होते, म्हणून पाच सांगितलं.

"गारठा असेल," म्हणाला.

७ मार्च, शनिवार

घड्याळ पाकिटात घालून दुरुस्तीवाल्याकडे नेलं. दोन दुकानांच्या मधल्या फटीत बसतो, कपाटाएवढ्या जागेत. कपाळावरचं भिंग बहुतेक झोपतानाही काढत नसावा. मी मनातल्या मनात त्याचं नाव भिंगवाले ठेवलं.

भिंगवाल्यांनी पाकीट कागदावर उपडं केलं आणि भिंग डोळ्यावर ओढलं.

"ताई, हे कुठून पडलं?"

"पडलं नाही. उडालं." मग सगळं सांगितलं. त्यांनी होकायंत्र जवळ नेलं तर सुई गरकन फिरली.

मशीन उघडून त्यांनी मला भिंगातून दाखवलं. हेलकावे खाणाऱ्या चाकाचा आस मोडलेला, त्याच्यावरची केसाएवढी स्प्रिंग गुंतलेली, तबकडीला मधोमध तडा. भाग मिळत नाहीत, आणि मिळाले तरी जुन्यातलं काही उरणार नाही. शाबूत एकच गोष्ट, मागचं झाकण.

"मागे किती पडायचं?" त्यांनी विचारलं.

"रोज चार मिनिटं. तुम्हाला कसं कळलं?"

"ही बघा." चाल कमी-जास्त करायची एक बारीक दांडी असते. एका बाजूला अधिकची खूण, दुसऱ्या बाजूला उण्याची. दांडी उण्याच्या पार टोकाला होती. "धक्क्याने ही हलत नाही, घट्ट असते. शेजारी स्क्रूड्रायव्हरचा ओरखडा आहे. कोणीतरी हाताने ढकललीय."

मी कपाळावर हात मारला. दादाच! आयुष्यभर शिलाई मशिनी दुरुस्त केलेला माणूस, त्याला उघडल्याशिवाय चैन कसं पडणार? वहिनी गेल्यावर वेळ जाईना म्हणून उघडून बसला असणार, आणि बिघडवून ठेवलं. वर नऊ वर्षं मला फोन! हसूही आलं आणि रागही.

भिंगवाले म्हणाले, हेच मॉडेल इंटरनेटवर जुन्या बाजारात अजून मिळतं. जुनं झाकण त्यावर बसेल, जुना पट्टाही बसेल. "पण फोटो मला दाखवल्याशिवाय घेऊ नका. फोटोत सगळी घड्याळं तरुण असतात."

मी मनात म्हटलं, फोटो मला शिकवू नका. जन्म गेला माझा फोटो वाचण्यात.

८ मार्च, रविवार

केंद्रात गेले. दादा दोन समांतर दांड्यांच्या मधून चालत होता, ओठ घट्ट मिटून. व्यायाम घेणारी मुलगी "शाब्बास आजोबा" म्हणाली तर त्याने तिच्याकडे असं बघितलं की पुढच्या फेरीला ती गप्प.

खोलीत आल्यावर पहिला प्रश्न, "आणलंस?"

"इथे वस्तू जातात म्हणे. घरीच ठेवलंय, कपाटात."

त्याने रिकाम्या मनगटावरून हात फिरवला. तिथे पट्ट्याचा गोरा ठसा आहे. "बरं केलंस," म्हणाला, "तुझ्याकडे आहे म्हणजे काळजी नाही."

परत येताना बस चुकली, पुढची येईपर्यंत उभी राहिले. बसायला जागा होती, पण बसवेना.

तो पाच एप्रिलला घरी येणार. चार आठवडे आहेत.

११ मार्च, बुधवार

सापडलं! तेच मॉडेल, तशीच पांढरी तबकडी, तसेच निमुळते काटे. एक डाग नाही. विक्रेता लिहितो, ‘पेटीतून काढल्यासारखं’. पैसे भरायच्या बटणावर बोट गेलं होतं, पण दिलेला शब्द आठवला म्हणून दुपारी भिंगवाल्यांकडे गेले.

त्यांनी फोनवरचा फोटो मोठा केला आणि गालातल्या गालात हसले.

"ताई, वय किती या घड्याळाचं?"

"चाळीसच्या वर."

"आणि चेहऱ्यावर सुरकुती नाही?" तबकडी नव्याने रंगवलेली होती. आकड्यांच्या कडा जाड, बाराच्या आकड्याचं टोक मिनिटांच्या रेषेवर चढलेलं, खालची बारीक अक्षरं वाकडी. वर काट्यांवरचा चमकणारा मसाला पिवळा पडलेला आणि तबकडीवरचा पांढराफेक. दोघे एकत्र म्हातारे झालेच नाहीत.

मला माझीच लाज वाटली. ऐंशी वर्षांच्या माणसाच्या फोटोत विशीतली हाडं दिसली तर मी आधी पाकिटावरचं नाव तपासते. शिकाऊ मुलींना पहिल्या दिवशी सांगते, आहे ते बघा, दिसावंसं वाटतं ते बघू नका. आणि स्वतः?

१४ मार्च, शनिवार

दुसरं. याची तबकडी खरी, छान साय धरल्यासारखी झालेली. पण पट्टा अडकवायचे चार कान पॉलिश मारून मारून साबणाच्या वडीसारखे गोल झालेत. हे भिंगवाल्यांनी नाही, मी ओळखलं. त्यांनी नुसती मान हलवली, तेवढ्याने मी बस-स्टॉपपर्यंत हवेत चालले.

विक्रेत्याला लिहिलं की मागचं झाकण उघडून आतला फोटो पाठवा. उत्तर आलं, ‘घड्याळ चालू आहे, उघडायची गरज नाही.’ पुन्हा लिहिलं. उत्तर नाही. जो आतलं दाखवत नाही त्याच्याशी व्यवहार नाही.

दादाचा फोन रोज. मी रोज चार सांगते. काल म्हणाला, "तुझा आवाज बसलाय का?" म्हटलं, "नाही, घाईत आहे." खरंच घाईत होते, पेशंट दारात होता. नऊ वर्षांत बहुतेक फोन मी असेच ठेवलेत.

१९ मार्च, गुरुवार

तिसरं. फोटो कोणीतरी खिडकीपाशी, उन्हाच्या उजेडात काढलेत, काही लपवलेलं नाही. तबकडीवर नऊच्या आकड्याशी तांबूस ठिपका आहे, जाहिरातीत त्याचाही वेगळा फोटो दिलाय. विकणारा गृहस्थ लिहितो, घड्याळ वडिलांचं, ते गेले, मला घालवत नाही आणि कपाटात ठेवणं बरं वाटत नाही.

मी नऊ प्रश्न पाठवले. शेवटची साफसफाई कधी? पाणी कधी गेलं होतं का? चावी मूळचीच आहे का? चावी देताना कुठे अडकते का? काटे फिरवताना ढिले लागतात का? आजची तारीख कागदावर लिहून शेजारी ठेवून फोटो पाठवाल का? आतल्या मशीनचा फोटो, तिरक्या उजेडात? शांत खोलीत कानाशी धरल्यासारखं रेकॉर्डिंग? परत घ्याल का?

त्यांचं उत्तर: ‘बाई, घड्याळ घेताय की त्याच्यावर खटला भरताय?’ खाली नऊही उत्तरं, क्रमवार. घड्याळ रोज अर्धा मिनिट पुढे जातं हेही स्वतःहून लिहिलेलं.

२१ मार्च, शनिवार

फोटो आले. तारखेच्या कागदावर त्यांचं अक्षर शाळकरी पोरासारखं गोल आहे. मशीनच्या स्क्रूंच्या खाचा शाबूत, म्हणजे अडाण्याचा हात लागलेला नाही. गंज नाही. एका कोपऱ्यात जुन्या तेलाचा डाग, तो साफ होईल. दांडी मधोमध.

रेकॉर्डिंग भिंगवाल्यांनी डोळे मिटून ऐकलं. टिकटिक एकसारखी होती, लंगडत नव्हती. "घ्या," म्हणाले. रेकॉर्डिंग बंद करून, "ठिपका नऊपाशी आहे. तुमच्या भावाच्या घड्याळावर होता?"

नव्हता. त्याच्या घड्याळावर काचेला चारपाशी ओरखडा होता, शिलाई मशीनची सुई तुटून उडाली होती तेव्हाचा. मी विचारलं, नव्या काचेवर तसा ओरखडा पाडता येईल का?

"खोटं म्हातारपण मी लावून देत नाही," ते म्हणाले.

मग मी ठरवलं, दादाला सांगायचं, साफ करायला दिलं होतं, काच बदलली. ठिपक्याचं काय? तबकडीला हवा लागली. जमेल.

२८ मार्च, शनिवार

पार्सल तिसऱ्या दिवशी आलं. घड्याळ पायमोज्यात गुंडाळलेलं, धुतलेल्या. आत चिठ्ठी: ‘वडील रोज दाढी करण्याआधी चावी द्यायचे. तुम्ही द्याल ना?’ मी ती चिठ्ठी या वहीत ठेवलीय.

भिंगवाल्यांनी उघडून धुतलं, तेल दिलं, दादाचं झाकण आणि पट्टा चढवला. मग टिकटिक ऐकून चाल मोजणाऱ्या यंत्रावर ठेवलं. पडद्यावर ठिपक्यांची सरळ रेघ उमटली. अशी सरळ रेघ बघितली की मला आपोआप बरं वाटतं.

"दिवसाला पाच सेकंदांचा फरक," ते म्हणाले. "याच्याहून बरं या वयात होणार नाही. भावाचं मागे पडायचं ना? हुबेहूब हवं असेल तर दांडी ढकलून देतो."

"छे हो! एवढं सगळं केलं ते मागे पाडण्यासाठी? तसंच राहू द्या, बिनचूक."

त्यांनी खांदे उडवले. पिशवी धरून घरी येताना मला वाटत होतं की दादाला घड्याळ परत देते आहे ते आधीपेक्षा चांगलं करून. चुकीची थोडी तरी भरपाई.

५ एप्रिल, रविवार

दादा घरी आला. टॅक्सीतून उतरताना माझा हात घेतला नाही, काठीवर आला. स्वयंपाकघरातली खुर्ची खिडकीशी ओढून दिली, त्यावर बसला आणि हात पुढे केला. त्यात मी घड्याळ ठेवलं. आवाजावरून कोणती मशीन कुठे कुरकुरतेय ते सांगणारा माणूस आहे तो.

त्याने घड्याळ पालथं करून झाकणावर कोरलेल्या तारखेवर अंगठा फिरवला. मग कानाशी धरलं. खूप वेळ. मी सिंककडे तोंड करून धुतलेल्याच कपबशा धुतल्या.

"आवाज मोकळा झालाय," म्हणाला.

"साफ करून घेतलं. काच बदलली. तबकडीवर हवेने जरा डाग आलाय."

"नऊपाशी."

"हो."

त्याने बारा फेरे दिले आणि पट्टा बांधला. मी एकदाची मोकळी झाले आणि तोंडाला येईल ते बोलत सुटले. "आणि ऐक, आता ते मागे पडणार नाही. यंत्रावर मोजून घेतलंय. आता रोज सकाळी मला फोन करून विचारायला नको, की काही नको."

"हो का," म्हणाला. "बरं झालं."

मग म्हणाला थकलोय, पडतो जरा. निभावलं म्हणायचं. त्याला कळलं नाही.

६ एप्रिल, सोमवार

फोन नाही. सात ते सव्वासात शांतपणे चादरी घातल्या, यंत्र तपासलं. पहिला पेशंट वेळेत. किती सुटसुटीत!

९ एप्रिल, गुरुवार

चौथा दिवस, फोन नाही. आज सातला लॉकर उघडून फोन चालू आहे ना ते बघितलं. चालू होता.

त्याला कळलंय. नक्की. कळलंय आणि बोलत नाहीये, रागावलाय. सायकलच्या दिव्याच्या वेळी तीन दिवस बोलला नव्हता.

मीच फोन करावा म्हटलं. नंबर काढला आणि तशीच उभी राहिले. विचारायचं काय? वेळ? मला वेळ माहीत आहे. त्यालाही माहीत आहे, मीच तशी व्यवस्था केलीय. नऊ वर्षांत आम्ही फोनवर दुसरं काही बोललोच नाही. दुपारी घरकामाला येणाऱ्या बाईंना फोन करून विचारलं, दादा जेवतोय का? जेवतोय म्हणाल्या. घरी मी आणि फ्रिजचा आवाज. लग्न झालं नाही, किंवा मी केलं नाही, दोन्ही खरं आहे आणि त्याचं मला कधी काही वाटलं नाही. आज वाटलं.

१२ एप्रिल, रविवार

हे नीट लिहायचं आहे.

दहा वाजता त्याच्याकडे गेले. दार बाईंनी उघडलं. दादा खिडकीशी, समोर स्टुलावर पांढरा कागद पसरलेला, कागदावर त्याचं जुनं भिंग, सगळ्यात बारीक स्क्रूड्रायव्हर आणि घड्याळ. मागचं झाकण काढून बाजूला ठेवलेलं.

"ये," म्हणाला. वर न बघता.

मी पर्सही खाली ठेवली नाही. म्हटलं, "दादा, हे तुझं नाहीये."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"कानाला लावलं तेव्हापासून. झाकण तेवढं माझं." मग वर बघितलं. "काय झालं माझ्याचं?"

सगळं सांगितलं. चादर, खिसा, तो टण्ण आवाज. रोज चार मिनिटं सांगितली ती. पाचही. उभ्यानेच सांगितलं आणि रडले, आता लपवायचं काय. शेवटी पर्समधून मोडक्या घड्याळाचं पाकीट काढून त्याच्या मांडीवर ठेवलं. त्याने उघडलं नाही, नुसतं चाचपून बघितलं.

"तिने दिलेलं होतं," म्हणाला. डोळे भरले होते. मी त्याला रडताना वहिनीच्या वेळीही बघितलं नव्हतं.

मग एकदम दचकून म्हणाला, "एवढं मोठं चुंबक. तुला लागलं नाही ना गं कुठे?"

चाळीस दिवसांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मीही नाही.

नाक पुसून झाल्यावर मी स्टुलाकडे बोट केलं. "आणि हे उघडलंस कशाला? उत्तम चाललंय, यंत्रावर मोजलंय."

"म्हणून तर." तो स्क्रूड्रायव्हर बोटात फिरवत राहिला. "दांडी ढकलायची होती. जमत नाही. गोळ्यांनी हात थरथरतात."

"कुठे ढकलायची होती?"

"जिथे माझी होती तिथे."

मला अजूनही कळेना. सव्वीस वर्षं माणसांच्या आतले फोटो काढते आणि मला कळेना! म्हटलं, "दादा, ती तू चुकून बिघडवली होतीस. दुरुस्तीवाल्यांनी ओरखडा दाखवला मला."

"चुकून?" तो दुखावल्यासारखा बघायला लागला. कारागीर माणूस. "माझ्या हातून असं चुकून होईल? मोजून ढकलली होती. आधी दोन मिनिटं ठेवली. पण दोन मिनिटांसाठी तुला रोज विचारलं तर तू म्हणाली असतीस, एवढ्याने काय बिघडतंय. म्हणून चार केली."

मी पर्स खाली ठेवली.

"ही उठायची सातला," तो म्हणाला. "उठल्या उठल्या बडबड सुरू. ती गेल्यावर सकाळी घरात आवाजच नाही. तुला उगीच फोन कसा करायचा? तू ड्यूटीवर. म्हणशील, काय काम आहे. मग काम काढलं."

"आणि हे सात दिवस?"

"तूच म्हणालीस ना, आता विचारायला नको."

मी त्याच्या समोर जमिनीवर बसले. इतकी वर्षं, रोज. त्यातले अर्धे फोन मी ‘ठेवते, पेशंट आहे’ म्हणत तोडले. मला माझा इतका राग आला आणि त्याची इतकी माया आली की दोन्ही एकदम कुठे ठेवावं कळेना.

मग त्याचं भिंग घेऊन डोळ्याला लावलं. "स्क्रूड्रायव्हर दे."

"श्वास रोखून," तो माझ्या डोक्यावरून वाकून सांगायला लागला. "केसासारख्या स्प्रिंगला धक्का लागू द्यायचा नाही. दांडी दिसली? उण्याच्या बाजूला. हळू. अजून. अगं हळू, मशीनवर चढतेस काय! बस्स. आता टकटक ऐक."

मी ऐकली. मला काहीच फरक कळला नाही. त्याला कळला.

"तीन, सव्वातीन होईल," म्हणाला. "आणखी जरासं."

मी आणखी जरासं ढकललं.

१३ एप्रिल, सोमवार

सातच्या चादरी आजपासून दुसऱ्या तंत्रज्ञ बाई घालणार. त्यांना विचारलं, त्या हो म्हणाल्या. साडेसातला त्या चहाला गेल्या की त्यांचं काम मी सांभाळायचं असं ठरलं.

सातला पाच कमी असताना फोन घेऊन एमआरआयच्या दाराबाहेरच्या बाकापाशी जाऊन उभी राहिले. सात झाले. सात वाजून एक, दोन, तीन. आता मीच करते म्हटलं. आणि सात वाजून चार मिनिटांनी, अगदी त्याच्या घड्याळाप्रमाणे सातला, फोन वाजला.

"किती वाजले गं बारके?"

"थांब हं, बघून सांगते," म्हटलं, आणि बाकावर नीट बसले.